पॅड बदलण्याआधी : मागच्या चाकाच्या जाम कॅलिपरविषयी

मागचे ब्रेक पॅड संपले म्हणून गाडी गॅरेजला येते, तेव्हा नवे पॅड घालणं हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग असतो. जुने काढायचे, नवे बसवायचे, पाच-सात वेळा पेडल दाबायचं आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. पण पॅड संपले कशामुळे? दोन्ही सारखे झिजले की एकच खपला? पिस्टन मागे सरकवताना तो मुकाट आत गेला की अडून बसला? हे विचारलं नाही तर नवे पॅडही जुन्यांच्याच वाटेने जातात, आणि तेही लवकर. दोष कॅलिपरमध्ये असतो आणि बदलले जातात पॅड. ही पुस्तिका त्या जाम झालेल्या कॅलिपरसाठी लिहिली आहे.

एवढ्याशा विषयाला अख्खी पुस्तिका कशाला, असं काहींना वाटेल. इंजिनावर, गिअरबॉक्सवर, वायरिंगवर लिहिलेलं पुष्कळ मिळतं. ब्रेकवरही मिळतं, पण ते पुढच्या ब्रेकपाशी थांबतं. मागच्या ब्रेकबद्दल एक-दोन ओळी असतात आणि त्या सगळं सुरळीत चालेल असं धरून लिहिलेल्या असतात: कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, पिस्टन आत दाबा, पॅड बसवा. पिस्टन आत गेलाच नाही तर काय करायचं, यावर तिथे अक्षर नसतं. खापरसारख्या गावातल्या मिस्त्रीचा दिवस मात्र नेमका त्याच जागी अडतो.

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातलं, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचं गाव. अक्कलकुवा सोडून पश्चिमेला निघालं की महाराष्ट्राच्या शेवटच्या टप्प्यात ते लागतं. पुढे हद्द ओलांडली की सागबारा, डेडियापाडा आणि मग अंकलेश्वरकडची सपाटी. उत्तरेला सातपुडा उभा आहे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोई घाट चढून डोंगरात शिरतो आणि मोलगी-धडगाव भागातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला याच घाटातून खाली उतरतात. म्हणजे इथल्या गाडीला एका बाजूने मालट्रकांच्या रांगांतला महामार्ग आहे आणि दुसऱ्या बाजूने वळणावळणांचा उतार. जून ते सप्टेंबर चिखल, नंतर आठ महिने धूळ. ब्रेकसाठी ही दोन्ही टोकं वाईट.

या भागातल्या सगळ्याच गाड्यांना मागे डिस्क नसते, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे. माणसं आणि माल वाहणाऱ्या बहुतेक जीप आणि पिकअप गाड्यांना मागच्या चाकात अजून ड्रमच आहेत. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटरसायकलींनाही तेच. ड्रमचे दोष वेगळे, त्यांची दुरुस्ती वेगळी, आणि ती आपल्या जुन्या मिस्त्रींना झोपेतही जमते. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत चित्र बदललं. बजाज पल्सर २२० ही २००७ साली मागच्या डिस्कसकट आली, तेव्हा ते नवल होतं. ज्या राजदूत ३५० ची आठवण जुने लोक अजून काढतात, तिला १९८३ मध्ये आपल्याकडे पुढेसुद्धा ड्रमच दिलेले होते. आज दीडशे-दोनशे सीसीच्या कितीतरी गाड्यांना दोन्ही चाकांत डिस्क असते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. नव्या एसयूव्हींतही मागे डिस्क येऊ लागली. गाड्या गावात पोचल्या, त्यांच्या दुरुस्तीचं शिक्षण मागे राहिलं. ड्रमवर वाढलेला हात डिस्कला ड्रमच्याच पद्धतीने भिडतो आणि तिथून घोटाळा सुरू होतो.

कॅलिपर चिकटतो म्हणजे नक्की काय होतं, ते समजल्याशिवाय त्याला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. मोटरसायकलच्या मागच्या चाकाला सहसा एका पिस्टनचा, सरकता कॅलिपर असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन बाहेर येतो आणि आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर टेकवतो. पॅड टेकल्यावर पिस्टनला पुढे जायला जागा उरत नाही. मग कॅलिपरचं अख्खं धूड दोन पिनांवरून उलट्या बाजूला सरकतं आणि पलीकडचा पॅड ओढून डिस्कवर आणतं. म्हणजे हलणाऱ्या गोष्टी दोन आहेत, पिस्टन आणि पिना. दोन्ही मोकळ्या हव्यात. एक जरी अडली तरी ब्रेक अर्धा होतो किंवा लागलेला सुटतच नाही.

आता पेडल सोडल्यावर पिस्टन मागे कसा जातो, हे पाहा. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असतात. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ते काम पिस्टनभोवतीचं चौकोनी काठाचं रबरी सील करतं. सील खाचेत बसलेलं असतं आणि पिस्टनला घट्ट धरून असतं. पिस्टन पुढे गेला की सील किंचित पिळवटतं आणि दाब गेला की मूळ आकारावर येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. चाक मोकळं फिरतं ते या केसभर अंतरावर. पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे घसरून नव्या जागी बसतो, म्हणून पेडलची उंची तीच राहते. इतक्या साध्या रबराच्या कड्यावर ही सगळी व्यवस्था उभी आहे, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि अजूनही होतो. पण साधी असल्यामुळेच ती घाणीला आणि गंजाला बळी पडते.

मागचा ब्रेक पुढच्यापेक्षा जास्त का चिकटतो? एक तर पुढच्या चाकाने उडवलेला चिखल, वाळू, पाणी थेट मागे येतं. त्यात चेनचं तेल मिसळतं आणि दोन्ही मिळून पॅडच्या कानांवर, पिनांच्या रबरांवर एक कडक थर बसतो. दुसरं म्हणजे, नेहमीच्या ब्रेकिंगमध्ये गाडीचं वजन पुढे झुकतं, मोठं काम पुढचा ब्रेक करतो आणि मागच्या पिस्टनची हालचाल कमी राहते. न हलणारी वस्तू लवकर चिकटते. तिसरं, मागचा कॅलिपर खोलला जाण्याचे प्रसंगच कमी. पुढचं चाक पंक्चर झालं, फोर्कचं काम निघालं की पुढचा कॅलिपर उघडतो. मागच्याकडे पॅड संपेपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे आणि ते कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात सापडायचं नाही. दिवाळी झाली की डोंगरातली पुष्कळ कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर मजुरीला गुजरातेत जातात आणि होळीच्या आसपास परततात. काहीजण मोटरसायकल बरोबर नेतात. अनेकांची मात्र घराच्या पडवीत उभी राहते. पावसाळ्याचा चिखल अंगावर वाळलेला असतो, ब्रेक ऑइलमध्ये ओल शिरलेली असते, आणि अशा अवस्थेत गाडी महिनोन् महिने हलत नाही. माणूस परततो, काठीच्या राजवाडी होळीला जायचं असतं, गाडीला किक मारतो. इंजिन चालू होतं, पण मागचं चाक जड फिरतं. पॅड पाहिले तर एक बाजू पार पत्र्याला लागलेली. उत्सवाच्या तोंडावर गाडी गॅरेजला येते आणि गिऱ्हाईक म्हणतं, “भाऊ, पॅड टाकून द्या, घाई आहे.” याच घाईत कॅलिपर तसाच राहतो.

मी खापरच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये बसून पाहिलेलं एक काम इथे सविस्तर सांगतो, कारण पुस्तिकेतला निम्मा विषय त्यात आला आहे. दोनशे सीसीची मोटरसायकल, मागचे पॅड संपलेले. हाताखालच्या पोराने मोठा पेचकस पलीकडच्या पॅडच्या आणि डिस्कच्या मध्ये घातला आणि कॅलिपर बाहेर रेटू लागला. नवे पॅड जाड असतात, जागा करावीच लागते, म्हणून हे करतात. कॅलिपर तसूभरही हलेना. “पिस्टन जाम आहे,” पोरगा म्हणाला आणि हातोडी शोधायला वळला. मिस्त्री पलीकडे क्लच प्लेट लावत होता. त्याने मान वर केली.

“थांब. निप्पल ढिलं कर आधी.”

पोराने आठच्या रिंग पान्याने ब्लीडर निप्पल ढिलं केलं. काळपट तपकिरी तेल ठिबकलं. चाक फिरवून पाहिलं, तसंच जड. मिस्त्रीने निप्पल बंद करायला लावलं, मग कॅलिपर डिस्कवरून उतरवला, पॅड काढले आणि पिस्टनवर दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. पिस्टन सावकाश, पण सरळ आणि एकसारखा आत गेला. मग त्याने पिना पाहिल्या. वरची बोटाने सरकली. खालचीचं रबर फाटलेलं होतं, आत लाल चिखल सुकून दगड झालेला, आणि पिन जागची हलत नव्हती. पिस्टन निर्दोष होता. हातोडी पडली असती तर त्याच्यावरच पडली असती.

पेचकसाने रेटताना कॅलिपर हलत नाही याचे दोन अर्थ होतात: पिस्टन अडलाय किंवा पिन अडली आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आणि निप्पल ढिलं करून मिस्त्रीने तिसरी शक्यता आधीच बाजूला काढली होती. निप्पल उघडताच चाक मोकळं झालं असतं, तर कॅलिपरमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. दाब वरून अडकून राहिला होता, असं समजायचं. तसं असेल तर दोष मास्टर सिलिंडरचं परतीचं बारीक छिद्र बुजण्यात असतो, किंवा पेडलला मोकळी चाल न ठेवण्यात, किंवा रबरी नळी आतून सुजून तेल एकाच दिशेने सोडते यात. त्या वेळी नवा कॅलिपर घातला तरी आठवड्यात तक्रार परत येते. दोन रुपयांचं काम न करता दोन हजारांचा भाग बदलणं मला सहन होत नाही, आणि ते रोज होतं. म्हणून या पुस्तिकेत निप्पलची परीक्षा बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी दिली आहे. कुठलाही बोल्ट काढायच्या आधी ती करायची.

झिजलेले पॅडसुद्धा बोलतात, ते फेकण्याआधी शेजारी ठेवून पाहावेत. पिस्टनकडचा पॅड खूप झिजला आणि पलीकडचा जाड राहिला, तर कॅलिपर सरकत नव्हता किंवा पिस्टन मागे येत नव्हता. पलीकडचा जास्त झिजला, तर कॅलिपर सरकून आला पण परत गेला नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, म्हणजे दोनांपैकी एक पिन अडली आहे. ही लक्षणं वाट दाखवतात, निकाल देत नाहीत. निकाल हाताने सरकवून पाहिल्यावरच लागतो.

पिना काढल्यावर करायचं काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणून ते टाळलं जातं. पिनेवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने उतरवायचा, ती ज्या भोकात बसते ते भोक आतून साफ करायचं, कापडाचा तुकडा गुंडाळून पुसायचं, रबर फाटलं असेल तर बदलायचंच. त्यानंतर ग्रीस. इथे मला हात जोडून सांगायचं आहे की चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे लावू नका. पेट्रोलियमचं ग्रीस ब्रेकच्या रबराला फुगवतं. आज पिन छान सरकते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि काही महिन्यांत फुगलेलं रबर पिनेला असं आवळतं की पहिल्यापेक्षा वाईट जाम होते. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांनी सील धुण्याचाही परिणाम हाच. सिलिकोनचं किंवा खास ब्रेकसाठीचं ग्रीस वापरायचं. त्याची छोटी डबी वर्षभर पुरते.

पिस्टनच खरोखर जाम असेल तर? तो बाहेर काढायला गाडीचाच दाब उत्तम. नळी सोडवण्याआधी पेडल मारून पिस्टन जेवढा बाहेर येईल तेवढा आणायचा. पुष्कळ जण आधी नळी सोडतात, तेल सांडतात आणि मग पक्कड घेऊन पिस्टनशी झुंजतात. पकडीचा एक ओरखडा त्या चकचकीत पृष्ठभागावर उठला की सील तिथून तेल सोडणार. कॉम्प्रेसरची हवा वापरायची झाली तर पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा किंवा कापडाची जाड घडी असलीच पाहिजे आणि बोटं तिथे असता कामा नयेत. अडलेला पिस्टन सुटतो तेव्हा गोळीसारखा सुटतो. बोट चिरडून जायला क्षण लागत नाही.

पिस्टन निघाला, पुसला, नवं सील घातलं, परत बसवला आणि तरी तो जडच चालला, असा अनुभव ज्यांना येतो त्यांनी सीलची खाच पाहावी. कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो. ओलावलेलं तेल आणि बाहेरून आलेलं पाणी यांनी खाचेच्या तळाशी पांढरी, कडक पूड धरते. ती बॅटरीच्या उजेडात नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. ती पूड सीलला मागून ढकलते, सील पिस्टनवर आवळलं जातं, आणि मग ते पिस्टनला मागे घ्यायचं सोडून जागीच धरून ठेवतं. पितळी तारेने किंवा टोकदार लाकडी काडीने ती पूड खाचेच्या कोपऱ्यांतून खरवडून काढावी लागते. स्टीलचा पेचकस वापरला तर खाचेलाच चरा पडतो. जाम पिस्टनच्या दुरुस्तीत यश आणि अपयश यांच्यात उभी असते ती हीच पांढरी पूड, असं मी म्हणेन. सील किट बदलणारे भरपूर दिसतात, खाच खरवडणारे कमी. आणि पिस्टनच्या ज्या भागावर सील चालतं तिथे गंजाचे खड्डे पडले असतील, तर पॉलिश करून भागत नाही. पिस्टन बदलावाच लागतो.

ही ओल येते कुठून? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, तो त्याचा स्वभावच आहे. डॉट ३ प्रतीचं ताजं तेल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. ओल दोन बाजूंनी घात करते: उभ्या गाडीत पिस्टन गंजवते आणि घाटात तेल उकळवते. तेलात वाफ झाली की पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. डबी उघडून महिनोन् महिने फळीवर ठेवलेलं तेल नवं समजायचं नाही.

घाटाचा हिशोब एकदा मांडून पाहिला पाहिजे. दीडशे किलोची गाडी आणि दोन माणसं मिळून २८० किलो धरू. तीनशे मीटर उंचीवरून ही गाडी वेग न वाढवता खाली आणायची तर सुमारे ८ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साधारण अडीच लिटर गार पाणी उकळीला येतं. यातली काही हवेत जाते, काही गिअरमध्ये ठेवलेलं इंजिन झेलतं, उरलेली दोन पातळ डिस्कवर येते. आता यातला मागचा कॅलिपर आधीच चिकटलेला असेल, तर तो सपाटीवरही डिस्क तापवत आलेला असतो. घाट सुरू होतो तेव्हा त्याची सहनशक्ती निम्मी संपलेली असते. दोन माणसं आणि मागे धान्याचं पोतं, अशा गाडीत मागच्या चाकावर वजन जास्त असतं आणि सुट्या खडीवर चालवणारा पुढचा ब्रेक दाबायला घाबरतो. सगळा भरवसा मागच्या ब्रेकवर. म्हणून मोलगीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मागचा कॅलिपर दुय्यम समजण्याची चूक शहरातल्या पुस्तकांनी केली तर समजू शकतं, आपण करू नये.

चारचाकीबद्दल थोडक्यात, कारण पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. मागे डिस्क असलेल्या अनेक गाड्यांत हँडब्रेक कॅलिपरच्या आतच असतो. तिथे पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा असतो आणि पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, तो फिरवत आत घालावा लागतो. सी क्लॅम्प लावून जोर केला की आतले आटे मोडतात आणि चांगला कॅलिपर कायमचा जातो. मग सगळे म्हणतात, जामच होता. पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा पॅडच्या मागच्या खुंटीला जुळल्या पाहिजेत, हँडब्रेक आधी सोडलेला पाहिजे, आणि केबल सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या थांब्याला टेकतो की नाही तेही पाहिलं पाहिजे. टेकत नसेल तर दोष केबलचा किंवा लिव्हरच्या गंजाचा आहे. बटणावरचा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल आणि गॅरेजला त्याचा स्कॅनर नसेल, तर ती गाडी खोलू नये. नंदुरबारला किंवा जिथे सोय असेल तिथे पाठवावी. यात कमीपणा काहीच नाही.

एका गोष्टीची मला मनापासून खंत आहे. डिस्क ब्रेकचे सुटे भाग मोठ्या प्रमाणावर आपल्याच राज्यात बनतात. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स ही १९८५ मधली कंपनी दुचाकींच्या डिस्क ब्रेकसाठी नावाजलेली आहे. इटलीच्या ब्रेम्बोचा पुण्याजवळ कारखाना आहे आणि बायब्रे हे त्यांचं छोट्या गाड्यांसाठीचं नाव आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूकला हेच ब्रेक लागतात. पण त्याच कॅलिपरची दोन सीलं, दोन रबरं आणि एक पिन एवढं छोटं पाकीट खापरच्या दुकानात मागितलं तर मिळेलच असं नाही. अख्खा कॅलिपर मागवता येतो, किट मात्र थांबून मिळतं. मग मिस्त्रीपुढे दोनच रस्ते राहतात: गिऱ्हाइकाला मोठा खर्च सांगायचा किंवा आहे तेच ठोकून-पिटून बसवायचं. या पट्ट्यातल्या पाच-सात गॅरेजवाल्यांनी मिळून नेहमीच्या गाड्यांची किटं आणून ठेवली तर हा प्रश्न बराच हलका होईल. पुस्तिकेच्या शेवटी कुठल्या जातीच्या कॅलिपरला काय काय लागतं, ते कोष्टकात दिलं आहे ते याच कारणाने.

मजुरीचाही विषय काढलाच पाहिजे. गिऱ्हाईक पॅड बदलायचे पैसे देतं, पिना साफ करायचे देत नाही. पाऊण तास खाच खरवडत बसलेल्या मिस्त्रीला त्या पाऊण तासाचं काही मिळत नाही, आणि शेजारचा दहा मिनिटांत पॅड टाकून देतो तो स्वस्त ठरतो. हे बदलायचं तर गिऱ्हाइकाला जुने पॅड हातात देऊन दाखवावे लागतील: हा बघा, हा पत्र्याला लागला आणि हा अजून अर्धा शिल्लक आहे. माणसं अडाणी नसतात. ज्याला बैलाच्या खांद्यावरची सूज बघून जू कुठे घासतं ते कळतं, त्याला एका बाजूने झिजलेला पॅड बघून कळतंच. त्यानंतर मजुरीची भाषा सोपी होते.

वाचताना क्रम पाळायची गरज नाही. ज्याच्यापुढे गाडी उभीच आहे त्याने तिसऱ्या प्रकरणातली निप्पलची परीक्षा उघडावी. पॅड घातल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत मारायचं, टाकीतल्या तेलाची पातळी बघायची, सांडलेलं तेल रंगावरून लगेच पाण्याने धुवायचं, आणि पॅडची धूळ हवेने फुंकायची नाही, ती ओल्या कापडाने पुसायची. या चार गोष्टी प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा आल्या आहेत आणि त्या मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.

आणि एक प्रसंग असा येईल की पिस्टनवर खड्डे आहेत, किट आलेलं नाही, गिऱ्हाइकाला रात्रीच डाब किंवा मोलगी गाठायची आहे आणि तो म्हणतो, मागचा ब्रेक सध्या बंद करून द्या, पुढच्यावर जाईन. नळी चेपून किंवा पॅड काढून गाडी चालू करून देता येते, हे आपल्याला माहीत आहे. ते करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये ब्रेकसाठी नियम ९६ आहे, पण नियमाचं सोडा. तो माणूस अंधारात, खडी पसरलेल्या रस्त्याने, बहुधा मागे कुणाला तरी बसवून जाणार आहे. गाडी गॅरेजमध्ये ठेवून घ्या, त्याला जीपमध्ये बसवून द्या, आणि किट आलं की कळवण्यासाठी त्याचा फोन नंबर वहीत लिहून घ्या.